एच म्हणजे हलका नव्हे

"हॅलो?… हाव, शामलाच बोलून राहिली… कोण, जयवंता? अवं, फोन काय करून राहिली? शर्यत सुरू व्हायची आहे न?"

शामला बाळंतीण. कानाला फडकं घट्ट बांधलेलं, अन उंबरठा ओलांडायची सोय नाही. म्हणून यंदा तिची गिअरची सायकल घेऊन धाकटी बहीण कन्हानच्या शर्यतीला गेली होती.

"काय? नाव वापस घेते? खबरदार!… अवं, मी खाटेवर पडून आहो, माझी सायकल तरी पळू दे न वं!… रडू नको. झालं काय?… करकर? म्हणजे चेन पिंजऱ्याले घासून राहिली… कोणता पिंजरा काय, बाप्पा! पायडलच्या वर नाही का, चेनले लहान चाकावरून मोठ्या चाकावर ढकलते तो… हाव, तोच… पोरी हसतात? पिठाची गिरणी आली म्हणतात? म्हणू दे… ऐक न. फोन चेनपाशी धर अन पायडल फिरव. ज्याचा फोन घेतला त्या दुकानवाल्या भाऊले म्हण, मागचं चाक उचलून धरा…"

शामलानं कानावरचं फडकं सरकवलं. आतून आई ओरडलीच, "कान झाक वं, वारं लागीन!"

"आई, वारं नाही, चेन ऐकून राहिली मी!… हॅलो? ऐकलं. चेन मोठ्या चाकावर आहे न? बाहेरच्या पत्र्याले घासते?… मग पिंजऱ्यावर दोन पेच आहेत न, त्यातला एच लिहिलेला थोडा सोड… सोडला? तरी घासते?… थांब. कोणता फिरवला तू?… एल? काहून?… एच म्हणजे हलका, अन आपल्याले जड पाहिजे, म्हणून एल?"

शामला खदखदून हसली. टाके दुखले, तरी हसली.

"अवं माझे माय! विलायती सायकल ते! एच म्हणजे हाय… हाय हाय नाही वं! हाय म्हणजे मोठं चाक!… आता एल जसा होता तसा कर. केला? आता एच थोडासा सोड… बस, बस! जास्त सोडशीन तर चेन बाहेर पडीन… फिरव पायडल… हॅलो?… काहीच ऐकू नाही येत… अवं जयवंता, काहीच ऐकू नाही येत!"

शामलाला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

"बोल न वं… कोण? दुकानवाले का? नमस्कार, भाऊ. कुठं गेली ती?… बसली अन पळाली?… सगळ्यांच्या पुढं? एकटीच? शाब्बास माझी पोट्टी!… काय म्हणता? शिट्टी वाजलीच नाही अजून?… माय वं! मग पकडा न तिले!… कोणाच्या हाती लागूनच नाही राहिली?… अन भाऊ, चेनचा आवाज?… बिलकुल नाही? मग काही फिकीर नाही. सापडली की म्हणा, असंच पळायचं, फक्त शिट्टी वाजल्यावर… हाव, ठेवते."