कोपऱ्यातले तारे

"हॅलो?… हो, बोल. नाही, दुकानातच आहे. बोल गं, दोन मिनिटं आहेत."

खरं तर दोन मिनिटंही नव्हती. काउंटरवर एका आजोबांचा चष्मा उघडून ठेवलेला होता, त्याचा मोहरीएवढा स्क्रू मोठ्या जावेच्या चिमट्यात होता, आणि आजोबा समोरच्या खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं अंदाजाने वाचत होते. पण धाकट्या जावेचा फोन आला की आपण फार कामात आहोत असं दाखवायला मोठीला आवडायचं, आणि ती काय काय करते आहे हे कळल्याशिवाय फोन ठेवायला जिवावर यायचं.

"काय घेतेस?… माउंट?… दुर्बिणीचं?… तू?… अगं, नाही कशाला म्हणू? घे ना. हौसेला मोल नसतं… नाही, टोमणा नाही मारत आहे."

टोमणाच होता. घरात दुर्बीण पहिल्यांदा आणली ती मोठीने. तीन वर्षं ती गच्चीवर कुडकुडत मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे फोटो काढत होती. सासरे भूगोलाचे शिक्षक होते, निवृत्त झाले तरी आकाशाचं वेड गेलं नव्हतं. ते तिचे फोटो बघायचे, "छान आहे" म्हणायचे आणि मोबाइल परत द्यायचे. धाकटीने गेल्या महिन्यात तिच्याच दुर्बिणीला मोबाइल टेकवून एक चंद्र टिपला, तर तो चौकटीत बसून जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चढला. तेव्हापासून मोठी त्या भिंतीकडे पाठ करून जेवत होती.

"चंद्राचं वेगळं असतं गं… चंद्र काय, कुणालाही येतो… म्हणजे तुझा छानच आलाय. मी म्हणाले होते ना तेव्हा?… नव्हते म्हणाले? मग मनात म्हणाले असेन… बरं, ऐक ना. माउंट दोन प्रकारचं असतं. हो, दुर्बीण ज्याच्यावर बसते आणि फिरते तेच. एक वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरतं. माझ्याकडे आहे ते. तारा सांगितला की आपलं आपण शोधतं, त्याच्या मागे मागे जातं… हो, फार सोपं. दुसरं तिरकं बसवतात. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, मग ते आकाशाबरोबर फिरतं… तेच, मागे लोखंडी वजन लटकतं ते. जड असतं. गच्चीवर चढवायचं म्हणजे कंबर गेली म्हणून समज."

आजोबा खाकरले. मोठीने त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.

"काय?… कुठलं घेऊ?… फोटोसाठी म्हणतेस?"

उत्तर तिला पाठ होतं. तिचं माउंट ताऱ्याच्या मागे जायचं, पण आकाशाबरोबर कलायचं नाही. मग फोटो जास्त वेळ घेतला की मधला तारा ठिपक्यासारखा नीट राहायचा आणि कोपऱ्यातले सगळे स्वल्पविरामासारखे ओढले जायचे. पहिल्याच हिवाळ्यात तिला हे कळलं होतं. घरी मात्र तिने वाऱ्याचं नाव पुढे केलं. चष्म्याच्या काचेचा आस चार अंश फिरला तर काच परत पाठवणारी बाई आपण, आणि स्वतःसाठी माउंट घेताना चुकलो, हे सांगणार कुणाला?

"माझ्यासारखंच घे… हो, साधंच. फोटोलाही चालतं… चालतं म्हणजे काय, मी काढतेच ना?… वारा नसला की झालं."

बोलून झालं आणि तिला बरं वाटलं. अगदी गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. धाकटीचे तारेही असेच ओढले जातील, बाबा "छान आहे" म्हणतील आणि मोबाइल परत देतील.

"आत्ताच मागवतेस?… मागव की. आणखी कुणाला विचारलंस का?… नाही? का?… बाबा म्हणाले? काय म्हणाले?… माझ्याशिवाय कुणाला विचारू नकोस असं?… हं… हं… कुठली चौकट?… अगं, तुझी लावली ना भिंतीवर. दुसरी कुठली?"

आता मात्र तिने चिमटा खाली ठेवला.

"दोन आणल्या होत्या?… आणि ती कपाटात आहे? कधीपासून?… माझ्यासाठी?… मग लावली का नाही?… मीच? मी कधी म्हणाले?"

म्हणाली होती. दर वेळी म्हणाली होती. फोटो दाखवायचा आणि लगेच सांगायचं, हा वाऱ्याने बिघडला, पुढचा चांगला येईल. आणि सासरे बिचारे त्या पुढच्या फोटोची वाट बघत रिकामी चौकट जपून बसले होते. मोठीला इतकी लाज वाटली की तिने आजोबांकडेही पाठ केली.

"ऐक… तू मागवलंस का?… नको मागवू. थांब… अगं, बटण दाबू नकोस म्हणते ना! तिरकं घे. वजनवालं. दुर्बिणीचं आणि कॅमेऱ्याचं मिळून जेवढं वजन होईल, त्याच्या दुप्पट पेलणारं बघ… नाही, मत बदललं नाही. मघाशी मुद्दाम चुकीचं सांगितलं… हो, मुद्दाम… जळत होते म्हणून. तुझ्या त्या चंद्रावर… हॅलो?… आहेस ना?"

आजोबांनी अक्षरं वाचायचं थांबवलं होतं.

"हो… ऐकतेय… बोल, बोलून घे. तुझं बरोबरच आहे… हो, वाऱ्याचंही खोटंच. माझं माउंटच चुकलं होतं, तीन वर्षं… नाही, बाबांना तू सांगू नकोस. मी सांगते, आज जेवताना… हो, त्या भिंतीकडे तोंड करून… हसतेस काय?… दोघींत एक?… म्हणजे तुझ्या माउंटवर माझी दुर्बीण?… चालेल ना. न चालायला काय झालं."

मोठीने डोळे पुसले, चिमटा उचलला, मोहरीएवढा स्क्रू जागेवर बसवला. मग काहीतरी आठवून तिचा हात थांबला.

"पण एक सांगते. त्याच्यावर पहिला फोटो मी काढणार… नाही, माउंट तुझं असलं तरी… नाही. चिठ्ठ्या वगैरे काही नाही. पहिला माझाच… का म्हणजे? चौकट एकच उरलीय ना. ठेवते."