न शिवलेला ड्रेस

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद शिवणकाम करणारी.

"हा बाक बनवणाऱ्याला पाठच नसावी, ताई!"

"कुरकुर पुरे, वहिनी. डॉक्टर काय म्हणाले?"

"पोटातलं खराब झालेलं अस्तर काढणार. मग त्याच ऑपरेशनमध्ये गरम औषध आत फिरवणार."

"अस्तराचं काम, आणि मला विचारलं नाही?"

"तुम्ही ड्रेस शिवायला नाही म्हणालात, तेव्हा किती रुसले होते मी."

"दंड बारीक झालेले आणि पोटाचं माप चार इंच वाढलेलं. कशी शिवणार?"

"मी म्हणत होते, गॅस आहे."

"जेवण दोन घासांवर आलेलं, तरी गॅसच!"

"घरात अजून सगळे 'पोटाचं दुखणं'च म्हणतात."

"म्हणू देत."

"कॅन्सर झालाय मला, ताई. तुम्ही इथे ओढून आणलंत, म्हणून उपचार तरी होतायत."