उडीच्या आधीचा क्षण

भाऊ : हा फोटो पण नको. पुढचा दाखव.

ताई : आधी भुऱ्याचं खोगीर उतरव. घामाने निथळतोय बिचारा.

भाऊ : उतरवतो गं. हा कधी काढलास?

ताई : त्याच्या कपाळाला कपाळ टेकवून उभा होतास तेव्हा. मी गवताच्या गंजीमागे बसले होते.

भाऊ : चोरटी कुठली. नाक पुसतानाचा नाही ना काढलास?

ताई : काढलाय. आईला पाठवणार आहे.

भाऊ : चेष्टा पुरे. उडीचे कुठेत?

ताई : ते नीट नाही आले.

भाऊ : तुझे? उडती माशी पकडतेस तू. आण तो कॅमेरा.

ताई : ओढू नकोस. घे, बघ.

भाऊ : झकास आलाय की. पाय बघ त्याचे.

ताई : त्याचे पाय राहू देत. तुझं तोंड बघ.

भाऊ : पापणी लवली असेल.

ताई : पुढचा बघ. त्याच्या पुढचा. उडीचा दांडा जवळ आला की तू डोळे गच्च मिटतोस. पडलास तेव्हापासून ना?

भाऊ : पुसून टाक सगळे.

ताई : फोटो पुसून भीती जाते का रे? उद्याच्या स्पर्धेत दांडे याहून उंच असणार. तुझी मान मोडली तर आईला काय सांगू? सरांना सांग, उद्या जमणार नाही म्हणून.

भाऊ : हात दाखवून अवलक्षण कशाला? मी नाही म्हटलं की सर भुऱ्याला दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देतील. मग संपलंच.

ताई : दुसरा घोडा मिळेल.

भाऊ : दुसरा नकोय मला.

ताई : मग याच्याकडे तरी बघ. प्रत्येक फोटोत कान असे मागे का वळलेत? रागावलाय?

भाऊ : छे. रागावला की कान चपटे पाडतो. हे माझ्याकडे वळवलेत त्याने.

ताई : म्हणजे?

भाऊ : विचारतोय. उडू का म्हणून.

ताई : आणि तू?

भाऊ : मी गप्प. काहीच सांगत नाहीये मी त्याला. एकटाच उडतोय तो, मला पाठीवर घेऊन. हा पाय दांड्यात अडकून मोडला असता तर गोळी घातली असती गं त्याला.

(भाऊ कॅमेरा ताईकडे देतो आणि भुऱ्याचं खोगीर उतरवतो.)

भाऊ : सर आहेत का ऑफिसात?

ताई : आहेत. मी येऊ बरोबर?

भाऊ : नको. कॅमेरा दे, आणि तू इथेच थांब. एकटं राहिलं की त्याला करमत नाही.