सुवर्णाच्या गुलाबांची साईट बंद आहे

हॅलो?… हो, मीच. बोल सुवर्णा… अगं बघते ना, कॉम्प्युटरसमोरच बसलेय. थांब, चष्मा…

बंद आहे गं. लालच दिवा… हो, सकाळपासून तू जितक्यांदा विचारलंस तितक्यांदा लालच.

नाही गं, मी कशाला बिघडवू? तुझ्या गुलाबांच्या साईटला मी हात लावत नाही. माझा प्रोग्राम नुसती लांबून हाक मारतो. साईटनं ओ दिली की हिरवा दिवा, नाही दिली की लाल. एवढंच…

अगं ऐक ना. आमच्या एक्स्चेंजमध्ये नव्हतो का करत? सकाळी ड्यूटीवर गेलं की आधी सगळ्या लाइनी तपासायच्या. हॅलो विंचूर, हॅलो नामपूर… नामपूरची कमळाबाई पलीकडून म्हणायची, 'शे ना माय, शे.' की ती लाइन चालू. तेच मी आता कॉम्प्युटरला शिकवलं…

हस, हस. क्लासमधली पोरंही हसली. कॉलेज रोडचा क्लास, सगळी विशीतली. पहिल्या दिवशी मी आत गेले तर मला मॅडम समजून सगळी उठून उभी राहिली… मग काय करणार? बसा म्हणाले. आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

बरं, तो दुबईचा व्यापारी काय म्हणतो?… आजच बघणार साईट?… आणि फोटो आवडले तरच फोन करणार… हं. कळतंय गं. फेब्रुवारीतली गुलाबाची मागणी गेली की गेली. मग आहेतच आपली फुलं लग्नाच्या हारांना.

रूपाली काय म्हणते? साईट तिनंच केलीय ना… तिला उघडते? कुठे?… सायखेड्याच्या सायबर कॅफेत?… अगं, तिनं केलीय, ती चालतेच म्हणणार. माझ्या प्रोग्रामला कुणाशी नातंगोतं नाही, तो आहे तेच सांगतो.

काय?… ललितराव एवढं बोलले तिला?… 'मावशीचा प्रोग्राम खोटं सांगेल का' असं म्हणाले?… आणि विंचूरला निघून गेले. बरं. मग ती?… बॅग भरतेय? पुण्याला, नोकरीला?… परत यायची नाही म्हणते?… अगं पण जेवली का पोरगी?… रडू नकोस. सुवर्णा, तू रडलीस की मला एक अक्षर ऐकू येत नाही.

थांब. मी दुसरी एखादी साईट तपासते, म्हणजे तुझी खात्री पटेल. पेपरची बघू… बंद. रेल्वेची… हीही बंद. बँकेची… लाल. आमचा राज बघतो ती अमेरिकेतली… तीपण लाल. अगं, सगळ्या जगाचंच काहीतरी झालंय. टीव्ही लाव बरं, बातम्यांत काही…

सुवर्णा.

…नाही, काही नाही. थांब जरा.

अगं, आपण फोनवर बोलतोय.

…हो, बोलतोय म्हणजे तेच ना. माझ्याकडे फोनची तार एकच. इंटरनेटही तिच्यावरूनच येतं. राजनं कॉल वेटिंग घेऊन दिलंय, नेट चालू असलं तरी मावशीचा फोन लागावा म्हणून. तुझा फोन आला की नेट तुटतं. मग मी फोन उचलते, दिव्याकडे बघते आणि तुला सांगते, बंद आहे…

हो… हो, दर वेळी… तू विचारलंस की बंद. एरवी? एरवी हिरवाच असणार. पण कुणी विचारल्याशिवाय मी कशाला बघायला जाते?

जन्म गेला गं माझा त्या हेडफोनमध्ये. 'लाइन एंगेज आहे, थोड्या वेळानं करा,' हे मी झोपेतही म्हणायचे, तुझे दाजी दचकून उठायचे. आणि माझीच लाइन एंगेज आहे हे मला कळू नये? वर प्रोग्राम लिहिला म्हणून साऱ्या कॉलनीला पेढे वाटले मी…

ते राहू दे. रूपालीला दे फोन… नसेल बोलायचं तर नुसता कानाला लाव तिच्या. मी बोलते.

रूपाली? मावशी बोलतेय. बाळा, साईट चालू आहे तुझी. बंद मी होते.

…हो. हो, बोल, तुझा हक्कच आहे… पप्पांना मी सांगेन. तुझ्यासमोर सांगेन, तू म्हणशील तसं… आधी ती बॅग खाली ठेव… कॅफेतून काय घेऊन आली होतीस?… आणि कुणी ऐकूनच घेतलं नाही?…

मेल? दुबईवाल्याची? छापून आणलीस?… वाच बघू… फोटो पाहिले. हं… आवडले. अगं, मग घोडं कुठे अडलं?… साईटवरच्या नंबरवर फोन लावतोय… सकाळपासून… एंगेज लागतोय…

साईटवर कुठला नंबर दिलायस तू?… घरचा? म्हणजे ज्यावरून आपण आत्ता…

अगं मग ठेव. आईला बाजूला कर आणि ठेव… नाही, तिला नंतर समजाव… मी ठेवून काय उपयोग? फोन तुम्ही लावलाय, तुम्ही ठेवल्याशिवाय तुमची लाइन सुटायची नाही. एवढं मला अजून कळतं… हो, जेव नंतर… रूपाली, बाळा, ठेव.