भूपेंद्रदादाचा नेम

गोंदियाच्या बसस्टँडवर रीता चोरखमारा गावच्या गाडीची वाट पाहत बाकावर टेकली, तर पाठीमागं दोन मायलेकींची जुंपली होती. रायफलच्या दोन दिवसांच्या शिबिरातून त्या परत चालल्या होत्या, हे एव्हाना साऱ्या बाकांना कळलं होतं.

"मी पाचच गोळ्या मारल्या, आई. मग माझ्या कागदावर दहा छिद्रं कशी?"

"भूपेंद्रच्या पाच चुकून तुझ्या कागदावर गेल्या. सर बोललेच न तसं."

"हो, त्याचा कागद कोराच होता. पण पाच छिद्रं मधात न पाच कोपऱ्यात. मधातली त्याची, हे कोणी ठरवलं?"

"तुझ्या मामानं सांगतलं."

"मामा त्याचा बापच! न तो तर मोबाइलवर बोलून राहिला होता!"

"हळू बोल व, आचल. लोक पाहून राहिले."

"पाहू दे! दुसऱ्याच्या कागदावर गोळ्या मारते, त्याचा नेम चांगला? न मी कोपरे फोडणारी? बक्षिसाची ढाल घेऊन मामाच्या कारमधी बसून गेला तो!"

"जाऊ दे न. तुले का फौजेत जायचं आहे?"

"तू आमच्या मागंच बसली होती. खरं सांग."

"...दोन्ही डोळे मिटून घोडा दाबे तो."

"तुले दिसलं? मग सरांसमोर काऊन नाही बोलली?"

"भाऊ उभा होता माझा. माहेर आहे ते."

गाडी लागली. रीता चढली तेव्हा आचल खिडकीशी बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिची पिशवी होती. आई दांडा धरून उभी होती.

"पिशवी उचल, बसू दे मले."

"ही जागा भूपेंद्रदादाची आहे."