फळाचा वास

सन्माननीय अध्यक्ष मुख्य अभियंतासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई, आणि बोगद्यात राबणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

बाईंच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एका वासाबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी दचकू नये.

बोगदा कोसळला तेव्हा आत आम्ही दोघे अडकलो, मी आणि माझा मेव्हणा. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, मान खाली घालून. खडकातून पाणी पाझरत होतं, ते प्यायचो. हवेचा जुना पाइप मध्येच फुटला होता. त्यातून हवा आणि आवाज यायचा, पण वरून ओतलेलं वाटेतच गळून जायचं. त्या पाइपाच्या वरच्या तोंडाशी बाई ठाण मांडून बसल्या होत्या.

तीन-चार दिवस गेले असतील. काळोखात मेव्हणा एकदम म्हणाला, "दाजी, तुमच्या तोंडाला पिकल्या फळाचा वास येतोय." मी लपवून खातोय, असा त्याचा समज. मी शपथा घेतल्या, पण उपाशी माणूस शपथ ऐकतो का? त्याने माझी गचांडी धरली. मला उपासमारीपेक्षा त्याचीच भीती वाटली, खरं सांगतो.

ओरडा वर ऐकू गेला. बाईंनी आधी आम्हाला लांब बसायला लावलं. मग म्हणाल्या, "यकृतातली साठवलेली साखर पहिल्याच दिवशी संपली. आता यकृत नवी साखर बनवतंय, थोडी स्नायू मोडून, थोडी चरबीतून. पण सगळेच स्नायू मोडले तर माणूस उरेल का? म्हणून चरबीपासून ते दुसरं इंधन करतं आणि मेंदू बराचसा त्यावर भागवतो. त्या इंधनाचा हा वास आहे. आपला आपल्याला येत नाही. मेव्हण्यांचा हुंगून बघा."

मी हुंगला. फळंच फळं! भांडणात शक्ती घालवू नका, असंही बाईंनी बजावलं. हे सासुरवाडीला आधीच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मेव्हण्याने माफी काही मागितली नाही. खूप वेळाने सरकत आला आणि माझ्या खांद्याला टेकला. म्हणाला, "दाजी, तोंड इकडे करून झोपा. वास येत राहिला की बरं वाटतं."

आम्हाला बाहेर काढलं तेव्हा आमची ही भरला डबा घेऊन उभी होती. बाईंनी तो हातातून काढून घेतला आणि चमचा-चमचा पेज पाजायला सुरुवात केली, कारण इतक्या उपासावर एकदम पोटभर जेवणंही जिवावर बेततं. हिने बाईंशी महिनाभर अबोला धरला होता. आज बाईंच्या शेजारची खुर्ची हिनेच अडवली आहे.

बाई, तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू? तुम्ही आमचा जीव राखलात आणि नातंही राखलंत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. मेव्हण्याने तुमच्यासाठी फळांची करंडी आणली आहे, एकेक फळ स्वतः हुंगून निवडलंय. त्यात एखादं कमी भरलं, तर बाई, या वेळी माझ्यावरचा संशय खरा आहे.