डब्यातली भांडणं

समुपदेशकाच्या दाराबाहेर आम्ही तिघंच होतो, मी आणि एक जोडपं. बाईंच्या मांडीवर बिस्किटांचा जुना डबा होता आणि त्यांच्या नवऱ्याला दम धरवत नव्हता. मी मासिक वाचल्याचं सोंग केलं.

"उघड ना. आठवडाभराची भांडणं आहेत त्यात."

"आत गेल्यावर उघडायचाय."

"तोवर सराव करू. ही तुझी चिठ्ठी. 'ओला टॉवेल.' एवढंच?"

"लिहिताना फार राग आला होता रे. ही तुझी बघ. 'परत तेच!' तेच म्हणजे काय?"

"आठवत नाही गं. पण भयंकर होतं काहीतरी."

"हसू नकोस, समोर कुणीतरी बसलंय."

"आणि ही? 'मंगळवारी हा घोरला नाही.' ही काय तक्रार झाली?"

"मला झोपच लागली नाही."

"मी जागाच होतो."

"का?"

"तू डब्यात काय काय टाकलं असशील, याचा विचार करत."

"मग विचारायचंस की मला."

"घरी बोलायचं नाही, असं ठरलं होतं ना?"

"भांडायचं नाही असं ठरलं होतं, शहाण्या."